गर्भवतीचे उदरस्नायू : भीतीपासून मोजमापापर्यंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काश्मीरमध्ये वैद्यकीय सेवा करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर कॅथलीन व्हॉन यांना एक विसंगती वारंवार जाणवत होती. होड्यांवर राबणाऱ्या नावाडी स्त्रिया आणि शेतकरी स्त्रिया बहुधा सहज बाळंत होत. याउलट पडद्याआड वाढलेल्या सुखवस्तू घरांतील स्त्रियांचे बाळंतपण अडत असे आणि ते अनेकदा माता व अर्भक या दोघांच्याही जिवावर बेतत असे. ज्यांच्या वाट्याला विश्रांती अधिक होती, त्यांनाच धोकाही अधिक होता.

यामागचे कारण अस्थिमृदुतेत होते. अंगावर ऊन न पडल्याने शरीराला ड जीवनसत्त्व मिळत नसे. त्यामुळे हाडे मऊ पडत आणि ज्या श्रोणीतून बाळाला बाहेर यायचे, तिचाच आकार बिघडत असे. पडदा पद्धतीचा मातृत्वावर होणारा परिणाम व्हॉन यांनी १९२८ साली पुस्तकरूपाने मांडला. १९३७ मध्ये त्यांचे ‘सेफ चाइल्डबर्थ’ हे पुस्तक आले. सूर्यप्रकाश, मोकळी हालचाल आणि लवचिक सांधे यांवर त्यांचा भर होता. आजच्या कसोटीवर त्यांची निरीक्षणे अपुरी ठरतात, कारण आहार, वय, राहणीमान अशा घटकांचा परिणाम त्यांत वेगळा काढलेला नाही. तरीही ‘गर्भवतीने हालचाल टाळावी’ या गृहीतकाला भारतभूमीवरील अनुभवाने दिलेला हा धक्का महत्त्वाचा होता.

हे गृहीतक फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत गर्भिणीने वर्ज्य करावयाच्या गोष्टींमध्ये व्यायामाचा उल्लेख येतो. प्रसूतीनंतर सूतिकेच्या पोटाला स्नेह लावून ते मोठ्या वस्त्राने गुंडाळावे, असे चरकसंहिता सांगते. महाराष्ट्रातील घराघरांत बाळंतिणीचे पोट बांधण्याची जी प्रथा आहे, तिचे या उपदेशाशी साम्य सहज लक्षात येते. बांधलेल्या पोटाला बाहेरून आधार मिळतो, हे खरे आहे. मात्र ताणलेल्या स्नायूंना पुन्हा बळ येण्यासाठी त्यांना स्वतः काम करावे लागते. कापडाचा पट्टा ते काम करू शकत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकातही बाळंतिणीला दीर्घकाळ अंथरुणावर निजवून ठेवण्याचीच रीत होती. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञ फेअरबेर्न यांनी १९१२ साली मिनी रँडेल यांच्याकडे बाळंतिणींसाठी व्यायामक्रम आखण्याचे काम सोपवले. रँडेल परिचारिका, सुईण आणि अंगमर्दनोपचारतज्ज्ञ होत्या. पुढे नृत्यांगना मार्गारेट मॉरिस यांच्या सहकार्याने या व्यायामांना लय आणि श्वासाची जोड मिळाली. रँडेल यांचे ‘ट्रेनिंग फॉर चाइल्डबर्थ’ हे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणाआधीच शरीर तयार करावे, हा विचार त्या काळात रुजू लागला.

विचार रुजला, पण सुरक्षिततेचे प्रश्न बाकी होते. १९५३ साली हॉवर्ड, गुडसन आणि मेंगर्ट या अमेरिकी वैद्यकांनी एका धोक्याचे वर्णन केले. गर्भारपणाच्या उत्तरार्धात स्त्री उताणी झोपली की वाढलेल्या गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाल्याने काहींचा रक्तदाब घसरतो आणि त्यांना भोवळ येते. पोटाचे बहुतेक परिचित व्यायाम उताणे निजूनच केले जात असल्याने हा शोध त्यांच्या थेट मुळाशी जाणारा होता.

पुढच्या टप्प्यावर सावधगिरीने मोजमापाला मागे टाकले. प्रसूतितज्ज्ञांच्या अमेरिकन कॉलेजने १९८५ साली सूचना दिल्या की व्यायाम करताना हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत, जोमदार व्यायाम १५ मिनिटांहून अधिक करू नये आणि चौथ्या महिन्यानंतर उताणे निजून व्यायाम करू नये. यांपैकी १४० चा आकडा प्रयोगांतून सिद्ध झालेला नव्हता. तज्ज्ञांनी एकमताने आखलेली ती सावध मर्यादा होती. दरम्यान जेम्स क्लॅप यांच्यासारख्या संशोधकांनी गर्भारपणातही नियमित व्यायाम सुरू ठेवणाऱ्या निरोगी स्त्रियांचा मागोवा घेतला. भीती वाटत होती तशी हानी त्यांना आढळली नाही. १९९४ मध्ये १४० ठोक्यांची अट वगळण्यात आली. २००२ साली, वैद्यकीय अडचण नसल्यास, आठवड्यातील बहुतेक दिवस ३० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, अशी शिफारस झाली.

पोटाच्या स्नायूंची कहाणी मात्र याहून नाजूक आहे. पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना उभे स्नायू असतात आणि त्यांना तंतुमय ऊतींचा एक पट्टा जोडतो. गर्भ वाढतो तसा हा पट्टा ताणतो आणि दोन्ही स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. भौतिकोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ नोबल यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकातून हे अंतर स्वतः तपासण्याची पद्धत सामान्य स्त्रियांपर्यंत नेली. पोर्तुगालमधील पॅट्रिशिया मोटा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ८४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ व्या आठवड्यात हे विलगीकरण १०० टक्के स्त्रियांमध्ये आढळले आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी ते ३९ टक्क्यांमध्ये उरले होते. म्हणजे स्नायूंचे दूर सरकणे हा गर्भारपणाचा स्वाभाविक भाग आहे. प्रश्न उरतो तो त्यांच्यावर भार कसा टाकावा, हा.

या प्रश्नाचे एक उत्तर पाठदुखीच्या संशोधनातून मिळाले. ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखवले की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याआधीच पोटाचा सर्वांत आतला, आडव्या तंतूंचा स्नायू आकसतो. पाठदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आकसतो. यानंतर भौतिकोपचारात या खोल स्नायूकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. धड झटक्याने उचलण्याचे प्रकार मागे पडले. उच्छ्वासासोबत पोट हलकेच आत घेणे, हात व गुडघ्यांवर टेकून हालचाली करणे, भिंतीला हात टेकून शरीर तोलणे असे प्रकार पुढे आले. व्यायाम करताना पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा उठला, तर भार जास्त झाला असे समजून तो कमी करावा, हा यातील सोपा संकेत होय.

भारतातही या विषयाची चाचपणी झाली. बेंगळुरू येथे ३३५ गर्भवतींवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज एक तास योगाभ्यास आणि दुसऱ्याला दिवसातून दोनदा चालणे असा क्रम होता. योगगटात अडीच किलो किंवा त्याहून अधिक वजनाची बाळे जास्त जन्मली आणि मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. त्यामुळे या निष्कर्षाकडे अंतिम पुरावा म्हणून पाहता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली, वैद्यकीय मनाई नसलेल्या गर्भवतींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल करावी, असे सांगितले. ‘वैद्यकीय मनाई नसलेल्या’ या शब्दांना भारतात विशेष वजन आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे आणि तीव्र रक्तक्षय असताना व्यायामास प्रारंभ करण्यापूर्वी उपचार हवेत. वार खाली असणे, गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब, गर्भाशयमुखाची दुर्बलता अशा स्थितींतही निर्णय डॉक्टरांचाच असतो. रक्तस्राव, पोटात कळा, पाणी जाणे, छातीत दुखणे किंवा भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठणे आवश्यक आहे.

शंभर वर्षांच्या या वाटचालीत गर्भवतीला कधी सरसकट मनाई झाली, तर कधी पुराव्याविना आकडे ठरवून दिले गेले. दोन्ही वेळा हेतू तिच्या रक्षणाचाच होता. प्रत्यक्षात तिचे रक्षण झाले ते तिच्या शरीराकडे नीट पाहणाऱ्यांमुळे आणि जे दिसले ते मोजून, प्रसंगी स्वतःचेच नियम बदलणाऱ्यांमुळे. रक्तक्षय झालेली, दिवसभर डोक्यावर विटा वाहणारी गर्भवती आणि दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारी गर्भवती या दोघींना एकच सल्ला लागू पडत नाही. पहिलीला विश्रांती आणि लोह हवे, तर दुसरीला हालचाल. या दोघींतला फरक ओळखणारे मार्गदर्शन दोघींपर्यंत पोहोचवणे, हे काम अजून पुरे झालेले नाही.