हृदयरोगाचे मूळ कोठे?

हृदयविकार म्हणजे सुखवस्तूंचे दुखणे, ही समजूत आपल्याकडे फार काळ होती. तिला तडा देणारी एक हकीकत हैदराबादेतली आहे.

विद्यानगरहून उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून पलीकडे गेले की तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था लागते. १९१८ साली कुन्नूरला एका खोलीत सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये येथे आली. तिच्यापुढचा मुख्य प्रश्न होता भुकेचा, हृदयाचा नव्हे. १९८७ ते १९९० या काळात तिने शहराजवळच्या २९ गावांत एक पाहणी केली. १५ गावांत अंगणवाडीतून गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना पूरक आहार मिळे. १४ गावांत ती योजना पोचायची होती. पाहायचे होते ते बाळांचे जन्मवजन.

१९८९ साली इंग्लंडात डेव्हिड बार्कर यांनी दाखवून दिले, की तान्हेपणी वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयरोगाने होणारे मृत्यू अधिक आढळतात. मग २००३ ते २००५ मध्ये संशोधक त्याच गावांत परतले. मुले आता तेरा ते अठरा वर्षांची झाली होती. आहार मिळालेल्या गावांतली मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच निघाली. त्यांच्या रक्तवाहिन्या कमी ताठर होत्या, इन्शुलिनचे कामही बरे चालत होते. रक्तदाबात मात्र ठळक फरक दिसला नाही. शिवाय गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. तेव्हा निष्कर्ष जपूनच काढावा.

तंबाखू आणि मीठ आवरायला हवेच. पण आपल्या घरांत गरोदर सून अजूनही सर्वांमागून, उरलेसुरले जेवते. हृदयाची काळजी त्या पानापासून सुरू व्हावी.