पिंपरीचं पेनिसिलिन आणि परक्यांचा हक्क

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. श्रीमंत देश गरीब देशातल्या माणसांचं काही देणं लागतो का, की जे देईल ती मेहेरबानीच?

निगडीहून जुन्या महामार्गानं पुण्याकडे निघालं की पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लागते, आपली ‘एच.ए.’. ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ पासून इथं पेनिसिलिन बनू लागलं. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफनं मदत केली, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेची होती. आता बघा, नुसत्या औषधाच्या कुप्या पाठवूनही इथले प्राण वाचले असते. पण कुपी संपली की पुन्हा हात पसरावा लागतो. कुपी देणं हे दान झालं. कारखाना उभारू देणं हे न्यायाच्या जवळ जातं.

जॉन रॉल्स ‘द लॉ ऑफ पीपल्स’ (१९९९) मध्ये दुर्बल समाजांना मदत करणं हे कर्तव्य मानतात, पण तो समाज स्वतःचा कारभार नीट चालवू लागला की ते संपतं. थॉमस पोगे विचारतात, जगाचे नियमच गरिबांना इजा करत असतील तर? मग नुसती मदत पुरत नाही, नियम बदलावे लागतात. मला हे अधिक पटतं. १९७० च्या कायद्यानं आपण औषधावरचं पेटंट काढलं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. म्हणून तर २००१ मध्ये मुंबईची सिप्ला एड्सवरची तीन औषधं स्वयंसेवी संस्थेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरांत द्यायला तयार झाली. पाश्चात्त्य कंपन्यांचा मूळ भाव दहा हजारांच्या घरात होता. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधावरचं पेटंट परत आलं.

आता बाजू उलटते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुण्याच्या सीरमची लस बाहेर जाणं थांबलं आणि आफ्रिकेतले देश ताटकळले. आपण अन्याय केला का? घरात माणसं मरत असताना लस आधी घरच्यांना दिली, यात मला दोष दिसत नाही. पण लस अपुरी असते. ती बनवण्याचं ज्ञान वाटल्यानं कमी होत नाही. सीरमकडे परवाना होता, सूत्र अ‍ॅस्ट्राझेनेकाचं. भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं ऑक्टोबर २०२० मध्येच पेटंटचे नियम स्थगित करा म्हटलं होतं. जून २०२२ मध्ये सवलत मिळाली ती लशींपुरती, तीही अर्धीमुर्धी.

मग उद्या एखादं सूत्र आपल्याच मालकीचं असेल, तेव्हा आपण काय करू? प्रश्नोत्तरांची सुरुवात इथूनच करू या.