रस्त्यात अडवलेला ट्यूटर

इ. स. १८१७. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले सत्र संपले होते आणि जॉन हेन्री न्यूमन नावाचा सोळा वर्षांचा विद्यार्थी चिंतेत पडला होता. सुट्टी लांबलचक, परंतु त्या सुट्टीत कोणते ग्रंथ वाचावेत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने धीर करून कॉलेजच्या प्रमुखांना विचारले. ते काम आपण ट्यूटरांवर सोपवले आहे, एवढेच उत्तर मिळाले. अखेर एके दिवशी फिरून परतताना त्याला एक ट्यूटर घोड्यावर बसून गावाकडे निघालेले दिसले. हीच शेवटची संधी असे समजून तो धावत रस्त्यात गेला आणि त्यांना अडवून त्याने आपला प्रश्न विचारला. ते गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी मायेने ऐकून घेतले आणि कॉलेजात मागे राहिलेल्या एका सहकाऱ्याकडे त्याला पाठवले. त्या सहकाऱ्याने त्याच्या साऱ्या शंका फेडल्या.

आमच्या धर्मग्रामात बारावीचे निकाल लागले की कचेरीच्या पायरीवर अशीच मुले येऊन बसतात. त्यांच्यापाशी गुणपत्रिका असते, प्रवेशाचा अर्ज असतो; नसते ते एवढेच, की पुढे काय, हे विचारायला माणूस. म्हणून न्यूमन यांच्या चरित्रातली ही घोड्याची गोष्ट आम्हांला त्यांच्या मोठमोठ्या ग्रंथांइतकीच मोलाची वाटते.

ट्यूटर म्हटले की आपल्यापुढे शिकवणीचे मास्तर उभे राहतात. ऑक्सफर्डचा ट्यूटर त्याहून निराळा. विद्यार्थी त्याच्या हवाली केलेला असे. त्याने काय वाचावे, कसे वागावे, कोठे अडखळतो आहे, हे पाहण्याची जबाबदारी विद्यापीठाच्या जुन्या नियमांनी त्याच्यावर टाकली होती. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ट्यूटर वर्गात व्याख्यान देऊन मोकळे होत आणि परीक्षेच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना पदरचे पैसे मोडून खासगी शिक्षक ठेवावा लागे.

न्यूमनला स्वतःला चांगला ट्यूटर लाभला, हे त्याचे भाग्य. टॉमस शॉर्ट हे त्याचे नाव. इ. स. १८२० मध्ये अतिश्रमाने थकलेला न्यूमन अंतिम परीक्षेत पार कोसळला. यादीत त्याचे नाव तळाशी लागले. तरीही दोन वर्षांनी ओरिएल कॉलेजच्या फेलोशिपसाठी तो परीक्षेस बसला. ती परीक्षा कित्येक दिवस चालत असे. मध्येच त्याची उमेद खचली आणि माघार घ्यावी असे त्याच्या मनात आले. इकडे ओरिएलची काही मंडळी ट्रिनिटीत येऊन गुपचूप त्याची चौकशी करून गेली होती. ते गुपित शॉर्ट यांना फोडता येईना. त्यांनी काही निमित्त काढून न्यूमनला बोलावून घेतले, आपल्या पानातले कोकराचे मांस त्याला खाऊ घातले आणि चार धीराचे शब्द सांगून परत पाठवले. १२ एप्रिल १८२२ रोजी ओरिएलने त्याची निवड केली. हा दिवस न्यूमन जन्मभर विसरले नाहीत.

इ. स. १८२६ मध्ये ते स्वतः ओरिएलचे ट्यूटर झाले. एव्हाना त्यांनी अँग्लिकन पंथाची धर्मगुरुदीक्षा घेतली होती. विद्यार्थ्याला मार्गदर्शन करणे हे आपल्या धर्मगुरुपणाचेच अंग आहे, ही त्यांची ठाम समजूत. हरेल फ्राउड व रॉबर्ट विल्बरफोर्स या सहकाऱ्यांसह त्यांनी इ. स. १८२९ मध्ये नवी व्यवस्था आणली : प्रत्येक ट्यूटरने मुख्यतः आपल्या विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे, त्यांच्या खासगी शिक्षकाचेही काम आपणच करावे. कॉलेजचे प्रमुख एडवर्ड हॉकिन्स यांना हे मानवले नाही. गंमत अशी की, प्रमुखपदाच्या निवडणुकीत न्यूमन यांनी त्यांचीच बाजू घेतली होती! इ. स. १८३० मध्ये हॉकिन्स यांनी या तिघांकडे नवे विद्यार्थी पाठवणे थांबवले. कोणाला काढले नाही, कोणाचा अपमान केला नाही. जुने विद्यार्थी उत्तीर्ण होऊन जात राहिले आणि खोल्या आपोआप रित्या झाल्या.

हॉकिन्स यांना खलपुरुष ठरवणे आम्हांला पटत नाही. एकाच माणसाचा तरुण मनांवर एवढा पगडा बसावा का, त्यातून आवडते-नावडते असा भेद होणार नाही का, ही त्यांची भीती पोकळ नव्हती. आमच्या सेमिनरीत परीक्षा घेणारे प्राध्यापक वेगळे आणि आध्यात्मिक मार्गदर्शक वेगळे असत. ज्याच्यापुढे मन उघडायचे, त्याच्या हाती आपले गुण नसावेत, यात शहाणपण आहे. परंतु हॉकिन्स यांनी मार्गदर्शकाच्या मर्यादा आखण्याऐवजी मार्गदर्शनच आखडले, असे आमचे मत आहे.

पुढे न्यूमन कॅथोलिक झाले. आयर्लंडच्या बिशपांनी डब्लिनला स्थापन केलेले कॅथोलिक विद्यापीठ इ. स. १८५४ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते त्याचे पहिले रेक्टर होते. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना लहान लहान घरांत ठेवले आणि त्यांच्यासाठी तरुण ट्यूटर नेमायचे ठरवले. वयाने थोडेच मोठे, म्हणजे अर्धे सोबती आणि अर्धे सल्लागार. त्या विद्यापीठाला पदव्या देण्याची सरकारी सनद मिळाली नाही. इ. स. १८५८ मध्ये न्यूमन यांनी पद सोडले.

त्यांचे ओरिएलचे एक विद्यार्थी फ्रेडरिक रॉजर्स. न्यूमन कॅथोलिक मताकडे झुकू लागले तसे गुरुशिष्यांचे बोलणे तुटले, ते वीसेक वर्षे. मग समेट झाला आणि इ. स. १८६५ मध्ये रॉजर्स यांनी आणखी एका जुन्या स्नेह्याबरोबर आपल्या गुरूला व्हायोलिन भेट दिले. चौसष्ट वर्षांचे न्यूमन ते वाजवू लागले.

इ. स. २०१९ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धर्मपंडितांत स्थान दिले. परंतु त्याआधी, फेब्रुवारी १८७८ मध्ये, ट्रिनिटीने त्यांना आपले पहिले सन्माननीय फेलो म्हणून बोलावले होते. सत्त्याहत्तरीला टेकलेले न्यूमन तीसहून अधिक वर्षांनी ऑक्सफर्डला आले. ट्रिनिटीत त्यांनी एका वृद्धाची आवर्जून भेट घेतली. ऐंशी ओलांडलेले टॉमस शॉर्ट अजून हयात होते.