हजेरीच्या वहीची कुळकथा

सावरगावातून जाम नदी ओलांडली की पांढुर्णा. तिथून आमल्याच्या वाटेने परासियाकडे निघाले की कापूस-संत्र्यांचा मुलूख मागे पडतो आणि पेंच-कन्हानचा कोळसापट्टा लागतो. न्यूटन चिखली याच पट्ट्यातली. १० डिसेंबर १९५४ रोजी तिथल्या खाणीत पाणी घुसले आणि ६३ कामगार दगावले.

देशातल्या मोठ्या खाण-दुर्घटनांच्या सरकारी यादीत चिखलीला एक ओळ मिळाली आहे: तारीख, खाणीचे नाव, कारण, मृतांची संख्या. त्या ओळीवरून एकही घर सापडत नाही. घर शोधायला माणसाचे नाव लागते, बापाचे नाव लागते, गाव लागते. आज खाण-कामगाराच्या नोंदीत हे तिन्ही असते. ती नोंद ठेवायची रीत कोणाच्या दयाळूपणातून आलेली नाही. तिच्या मागे मेलेल्या माणसांची लांबलचक रांग आहे, आणि त्या रांगेतले पुष्कळ जण व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहेत.

इंग्लंडात अठराव्या शतकात खाणीतले मरण बातमी म्हणूनसुद्धा छापू नये, असा मालकांचा आग्रह असे. तशी विनंती आल्याचे न्यूकॅसलच्या एका वर्तमानपत्राने १७६७ मध्ये उघडच छापले होते. १८१२ मध्ये फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ जण मेले. प्रेते वर आली तेव्हा चेहरे ओळखू येत नव्हते. कपडे, जोडे आणि तंबाखूच्या डब्या पाहून आयाबायांनी आपली माणसे ठरवली. तिथले पाद्री जॉन हॉजसन यांनी मृतांची नावे छापून काढली. खाणीत गेलेल्या मजुरांची नावे कागदावर उरावीत म्हणून कोणी धडपडल्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक २८ जून १८३८ चा. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तोच यॉर्कशायरमधल्या सिल्कस्टोनजवळच्या हस्कर खाणीत पावसाने फुगलेल्या ओढ्याचे पाणी शिरले आणि २६ मुले बुडाली. सर्वांत लहान मूल सात वर्षांचे होते. तिथल्या स्मारकावर प्रत्येक मुलाचे नाव आणि वय कोरलेले आहे. पुढे १८४२ च्या कायद्याने स्त्रिया आणि दहा वर्षांखालचे मुलगे जमिनीखाली पाठवायला बंदी आली. १८५० च्या कायद्याने खाणीत कोणी मेले तर २४ तासांत सरकारला कळवणे भाग पडले. निरीक्षकांच्या वार्षिक अहवालांत मग मृतांची नावे, वये आणि कामे एकामागून एक उतरू लागली. आज आपले पणजे-खापरपणजे शोधणारी इंग्रज कुटुंबे हेच अहवाल उघडून बसतात.

तरी नोंद पुरी पडत नव्हती. १२ डिसेंबर १८६६ रोजी बार्न्सलीजवळच्या ओक्स खाणीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी, आत अडकलेल्यांना काढायला माणसे उतरली असताना पुन्हा स्फोट झाला आणि त्यांतले २७ जण मेले. एकूण मृत ३६१, असे ठरले. हा आकडा दीडशे वर्षे पुस्तकांतून छापला जात राहिला. दुर्घटनेच्या दीडशेव्या वर्षाच्या सुमारास तिथल्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मृत्यूनोंदी, दफनाच्या वह्या आणि जुनी वर्तमानपत्रे एकमेकांशी ताडून पाहिली. आकडा ३८३ वर गेला. बावीस माणसे दीडशे वर्षे हिशेबातच नव्हती. त्यांच्या घरी ती जेवायला परतली नाहीत हे त्या घरांना त्याच रात्री ठाऊक होते. कागदाला कळायला नातवंडांच्याही नातवंडांचा काळ उजाडावा लागला, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे खाणी येत होत्या त्याच सुमारास. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ ची. पुढे त्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. शतक संपता संपता नागपूर जिल्ह्यात मँगनीज निघू लागले. मजूर वाढत होते, पण त्यांच्यासाठी खाणींचा कायदा नव्हता. १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ आणि १८९९ मध्ये बलुचिस्तानातल्या खोस्टच्या कोळसा खाणीत ४७ जण मेले. या दोन घटनांनी सरकारला घाई करायला लावली. मार्च १९०१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला खाण कायदा आला. व्हिक्टोरिया राणी त्याच वर्षी जानेवारीत वारली होती. १९०२ च्या जानेवारीत कलकत्त्याला खाण तपासणीची कचेरी उघडली.

वारसाला पैसे मिळायचे तर वारस कोण, हे आधी ठरवावे लागते. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९४८ चा, आणि त्या निधीबरोबर वारसनोंद आली. पण सगळ्यात जास्त वजन १९५२ च्या खाण कायद्याच्या ४८ व्या कलमाला होते. प्रत्येक कामगाराचे नाव, त्याच्या बापाचे नाव, बाई असेल तर नवऱ्याचे नाव, वय आणि ओळख पटेल असा इतर तपशील लिहिलाच पाहिजे, असे ते सांगत असे. जमिनीखालच्या हजेरीबाबत ते आणखी पुढे जात असे. या घटकेला खाली कोणकोण आहे, हे त्या वहीवरून कोणत्याही क्षणी नावानिशी कळले पाहिजे, अशी त्याची अट होती. ओक्सच्या बावीस जणांसाठी अशी एक ओळ पुरेशी झाली असती.

नवऱ्याच्या नावाचा रकाना कोणाला जुनाट वाटेल. पण आपल्या भागात त्यालाही इतिहास आहे. जमिनीखाली बायकांनी काम करण्यावर १९२९ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आली होती. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात ती उठवली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागली. मधल्या काळात बायका खाली उतरल्या होत्या.

चिखलीत पाणी शिरले तेव्हा १९५२ चा खाण कायदा लागू होऊन अडीच वर्षेही झाली नव्हती. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, खाण नियम आले आणि त्यांच्यातल्या नमुना ‘बी’मध्ये नाव, बापाचे नाव, वय यांच्यासोबत गाव, ठाणे, जिल्हा आणि सही किंवा अंगठा यांनाही जागा मिळाली. कोळशाच्या वस्तीत हा कागद ‘बी फॉर्म’ म्हणून घरोघरी माहीत आहे. १९७३ मध्ये खाणी सरकारच्या झाल्या आणि वेतन करारांत मृत कामगाराच्या एका वारसाला नोकरी देण्याची तरतूद आली, तेव्हा या कागदाची किंमत आणखी वाढली. जन्मतारखेवरचे, बायकोच्या नावावरचे, दोन भावांतले वाद बी फॉर्मवर येऊन थांबू लागले. अंगठा उठवताना सांगितलेले गाव आणि बापाचे नाव पुढच्या पिढीची भाकर ठरवू लागले.

पाणी मात्र थांबले नाही. याच पट्ट्यातल्या दमुआला ५ जानेवारी १९६० रोजी पाणी शिरून १६ जण गेले. नागपूरजवळ सिलेवाड्याला १८ नोव्हेंबर १९७५ रोजी दहा गेले, आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला झारखंडातल्या चासनाळ्यात ३७५. वही माणसाला वाचवत नाही. मेलेला माणूस कोणाचा होता, एवढे ती सांगते, आणि मागे राहिलेल्या बाईला आपला हक्क सिद्ध करायला तेवढेच हाताशी असते. १३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयातल्या क्सानच्या बेकायदा खाणीत पाणी शिरले, तेव्हा सुरुवातीला आत १३ जण असल्याचे सांगितले जात होते, नंतर ती संख्या १५ झाली. कायद्याने ठरवलेली वही असती तर ही संख्या पहिल्याच तासाला कळली असती.

चिखलीच्या घरांचा माग काढू पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५४ मध्ये हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. वर्धा, भंडारा, छिंदवाडा एकाच सरकारच्या दप्तरात बसत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये फुटली आणि खाण एकीकडे राहिली. विदर्भातून कोणी मजुरीला गेले असेल, तर त्याचे गाव दुसरीकडे गेले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणजे तिथल्या कागदांचा पत्ता आणखी एकदा बदलायची वेळ आली. शोध दोन्ही टोकांनी करावा लागतो. एका टोकाला खाणीची हजेरी, भरपाईची प्रकरणे आणि निधीची वारसनोंद. दुसऱ्या टोकाला गावचे कोतवालबुक, ज्यात जन्म आणि मृत्यू बापाच्या नावासह लिहिले जात. एकाच गावात एकाच नावाचे दोघेतिघे असत, म्हणून नुसते नाव जुळून भागत नाही. बापाचे नाव, वय आणि गाव दोन्हीकडे सारखे निघाले की मगच त्या घराच्या दारात जाऊन विचारावे.