वीस मिनिटांनंतरची मुलाखत

अठ्ठावीस वर्षं आधी

१९७८ साली बीटल्सच्या ‘अ‍ॅपल कॉर्प्स’नं ‘अ‍ॅपल कॉम्प्युटर’वर नावावरून दावा ठोकला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि संगणकवाल्यांनी संगीताच्या धंद्यात उतरायचं नाही असं ठरलं. १९८९ मध्ये पुन्हा भांडण, १९९१ मध्ये पुन्हा करार. आयट्यून्सचं दुकान उघडलं तसं २००३ मध्ये प्रकरण परत कोर्टात गेलं. काँगोमधल्या ब्राझाव्हिलच्या गाय गोमा या पदवीधराचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. पण लंडनच्या उच्च न्यायालयाचा निकाल ८ मे २००६ या तारखेला लागला, आणि त्याच सकाळी गोमाला बीबीसीनं नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं होतं.

८ मे, सकाळ

जागा आयटी विभागातली होती. संगणकात साठलेली माहिती तपासून साफसूफ ठेवायची, असं काम. पद काही मोठं नाही. पण परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या शिक्षणाला साजेशी खुर्ची मिळवू पाहणाऱ्या माणसाला ते लहान नसतं. मुलाखतीला जाताना करायचं म्हणून आपण पोरांना जे जे सांगतो, ते त्यानं केलं होतं. अंगावर कोट, वेळेवर हजर, स्वागतकक्षात शांत बसून आपलं नाव पुकारलं जायची वाट पाहणं.

त्याच टेलिव्हिजन सेंटरच्या दुसऱ्या स्वागतकक्षात आणखी एक गृहस्थ बसले होते. गाय क्यूनी, तंत्रज्ञानावर लिहिणारे जुने पत्रकार. अ‍ॅपलच्या निकालावर बोलायला बीबीसीच्या वृत्तवाहिनीनं त्यांना बोलावलं होतं. दोघांचं पहिलं नाव एक. क्यूनी गोरे, दाढीवाले; गोमा कृष्णवर्णीय.

प्रक्षेपणाला पाच मिनिटं

पाहुण्याला न्यायला निर्माता आला तो चुकीच्या स्वागतकक्षात. क्यूनी कुठे आहेत, असं त्यानं विचारलं आणि गोमाकडे बोट दाखवलं गेलं. क्यूनींचा फोटो त्यानं पाहिलेला होता, पण हातात पाचच मिनिटं होती. ‘गाय क्यूनी?’ गोमाला त्यातलं ‘गाय’ ऐकू आलं. तो हो म्हणाला आणि निघाला.

माझं मन या ‘हो’पाशी अडकतं. नोकरी मागायला आलेला माणूस दारातून बोलावणं आलं की उठतो. नाव अर्धवट उच्चारलं, आडनाव चुकलं, तरी तो दुरुस्त करत बसत नाही. न जाणो, समोरच्याला राग आला तर? आपणच चुकीचं ऐकलं असेल तर? बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या कुणालाही हे समजेल. देणाऱ्याच्या दारात मागणारा आधी स्वतःच्याच कानांवर शंका घेतो.

प्रक्षेपणाला काही क्षण

त्याला खुर्चीवर बसवलं, कोटाला माइक लावला, समोर कॅमेरे. हे विचित्र आहे, असं त्याला वाटलं. तरीही ही मुलाखतच आहे, अशीच त्याची समजूत होती. एवढ्या मोठ्या संस्थेत मुलाखती कशा घेतात, हे नव्या माणसाला कुठून माहीत असणार? त्यानं विश्वास ठेवला. तो विश्वास ठेवण्यात त्याची चूक नव्हती, असं मला ठामपणे वाटतं.

थेट प्रक्षेपण

निवेदिका कॅरन बोवरमन यांनी तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाचे संपादक गाय क्यूनी, अशी ओळख करून दिली. त्या वेळचा गोमाचा चेहरा पुढे जगानं पाहिला. डोळे विस्फारतात, तोंड उघडतं, नजर क्षणभर बाजूला जाते, ओठ काहीतरी सांगायला निघतात. मग तो ते गिळतो. ‘गुड मॉर्निंग’ येतं तेव्हा आवाज सावरलेला असतो.

निकालाचं आश्चर्य वाटलं का, असा पहिला प्रश्न. फार आश्चर्य वाटलं, हे माझ्यावर असं येईल याची अपेक्षाच नव्हती, मला इथे दुसरंच सांगितलं होतं, अशा अर्थाचं तो बोलला. अक्षरशः खरं बोलला. ते कुणाला कळलं नाही. आता लोक इंटरनेटवरून जास्त डाउनलोड करतील का, या प्रश्नावर तो म्हणाला की कुठेही गेलात तरी लोक हवं ते उतरवून घेताना दिसतात. सायबर कॅफेत जा, तिथेही सोपं आहे. घसा कोरडा पडला असताना, न नेमलेल्या विषयावर, त्यानं समंजस उत्तरं दिली. उमेदवाराची परीक्षा घ्यायचीच होती, तर याहून कठीण ती काय असते?

दुसऱ्या स्वागतकक्षात क्यूनी समोरच्या पडद्यावर आपल्या नावानं बोलणारा अनोळखी माणूस थक्क होऊन पाहत होते.

वीस मिनिटांनंतर

जग या दिवसाची गोष्ट स्टुडिओतल्या त्या चेहऱ्यावर संपवतं. माझ्या मते खरा घात त्यानंतर झाला. सुमारे वीस मिनिटांनी गोमाला त्याच्या खऱ्या मुलाखतीला बोलावलं गेलं.

मुलाखतीची तयारी म्हणजे नुसती उत्तरांची घोकंपट्टी नव्हे. आदल्या रात्रीची झोप, सकाळी मनात चार वेळा म्हटलेली पहिली दोन वाक्यं, दारातून आत शिरतानाचा श्वास, हे सगळं एकदाच जुळवता येतं. गोमाची ती पुंजी आधीच्या खुर्चीवर खर्च झाली होती. तो प्रकार फार ताणाचा होता, हे त्यानं नंतर स्वतः सांगितलं; या पदाशी संबंधित प्रश्न का विचारत नाहीत, हेही त्याला उमगत नव्हतं. अशा माणसाला पाणी द्यायचं, माफी मागायची आणि दुसरी तारीख द्यायची. संस्थेच्या हातात होतं ते. तिथल्या तिथे त्याला दुसऱ्या खोलीत बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

शून्य

ती खरी मुलाखत जेमतेम दहा मिनिटं चालली. नोकरी मिळाली नाही.

पुढचे काही दिवस

ध्वनिचित्रफीत जगभर फिरली. सुरुवातीच्या बातम्यांत तर त्याला टॅक्सीचालक ठरवून टाकलं गेलं. टॅक्सी चालवण्यात कमीपणा नाही, पण अर्ज करून रीतसर बोलावणं मिळालेल्या पदवीधराला उमेदवार म्हणून ओळखायलाही लोकांना वेळ लागला, हे टोचतं. पुन्हा कोणत्याही विषयावर बोलायला बोलावलंत तर येईन, फक्त पुढच्या वेळी तयारी करून येईन, असं गोमानं सांगितलं. त्याला वाहिन्यांवर बोलावणारे पुष्कळ निघाले. ज्या जागेसाठी तो त्या सकाळी आला होता, ती मात्र त्याला मिळाली नाही.