धूर एक, आगी दोन : कोपनहेगन, 1952

मागच्या खेपेला आपण अनुमानापाशी थांबलो होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. न्यायशास्त्रातलं हे उदाहरण आम्ही उभा जन्म वर्गात शिकवलं आणि मुलांनी जांभया दिल्या. डोंगरावरच्या आगीचं त्यांना काय पडलेलं! आज तेच उदाहरण आपण इस्पितळात नेऊ या. तिथे अनुमान चुकलं की माणूस जातो.

साल 1952. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. उन्हाळ्यात तिथे पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडम हे साथीच्या रोगांचं इस्पितळ, प्रमुख डॉक्टर लासेन. साथ भरात असताना दिवसाला पन्नासएक रोगी दाखल होत. त्यातल्या कित्येकांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले. आणि श्वास देणारी यंत्रं किती? सबंध शरीर आत घेणारी लोखंडी पेटी एक, छातीवर बसवायची साधनं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत 31 जणांना यंत्राचा आधार दिला. 27 गेले.

आता हे नीट बघा. तिथले डॉक्टर काही अडाणी नव्हते. रक्त तपासत होते, नोंदी ठेवत होते. रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं सापडे. त्यावरून त्यांनी ठरवलं की रक्त अल्कधर्मी झालंय. का झालं ते मात्र उमगेना. रोगी घामाने चिंब, रक्तदाब चढलेला. त्याचा अर्थ लावला की विषाणू मेंदूत शिरला. शिवाय ऑक्सिजन चालू असल्यामुळे रोगी निळा पडत नसे. मग त्याचा श्वास अपुरा पडतोय ही शंका यावी कुठून?

मोगेन्स ब्यर्नेबू या सहकाऱ्याच्या सूचनेवरून लासेन यांनी ब्यर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. इब्सेनने तेच आकडे, तीच लक्षणं पाहिली. पण त्याचं आयुष्य शस्त्रक्रियेच्या टेबलाशी गेलेलं. भूल दिलेल्या रोग्याला श्वास कमी पडला की असाच घाम येतो, असाच रक्तदाब चढतो, हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, हा वायू शरीरात कोंडलाय, रोगी गुदमरतोय.

आपल्या नैयायिकांनी या चुकीला केव्हाच नाव देऊन ठेवलंय: सव्यभिचार हेतू. जी खूण साध्य असतानाही दिसते आणि नसतानाही दिसते, ती साध्य सिद्ध करू शकत नाही. वाढलेला आकडा हा धूर. त्यामागे आगी दोन असू शकतात. निवाडा करायचा तर दुसरी खूण हवी, ती म्हणजे रक्ताची आम्लता. प्रयोगशाळेचे प्रमुख पौल आस्त्रुप यांनी पुढे ती मोजून दाखवली. रक्त आम्लच होतं.

27 ऑगस्ट. बारा वर्षांची मुलगी, हातपाय लुळे, स्वतःच्याच स्रावात बुडत चाललेली. तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली. ती धडपडू लागली, हवा आत जाईना. इब्सेनने भुलीचं औषध दिलं. तिची धडपड थांबली, आणि तो रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास देऊ लागला. कोंडलेला वायू उतरला. छातीवरच्या यंत्राला जोडून पाहिलं, वायू पुन्हा चढला. परत पिशवी, परत उतरला. मुलगी वाचली.

पण ओळखलं म्हणजे भागलं का? पिशवी दाबायची कोणी? वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे 1500 पोरंपोरी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिली. एका वेळी सत्तर-सत्तर रोग्यांना हाताने श्वास दिला जाई. रोग्याच्या गळ्यात नळी, त्यामुळे बोलता येत नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच कमी-जास्त ठरवायचं. मृत्यूचं प्रमाण 87 टक्क्यांवरून हळूहळू सुमारे 25 टक्क्यांवर आलं. डिसेंबर 1953 मध्ये इब्सेनने त्याच शहरातल्या दुसऱ्या इस्पितळात अत्यवस्थ रोग्यांसाठी वेगळा विभाग उभा केला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार तिथून मानतात.

लासेन यांचंही आपण विसरू नये. आपल्याच इस्पितळातले ते मृत्यू त्यांनी 1953 साली 'लॅन्सेट'मध्ये आकड्यांसह छापले. पहिली समजूत चुकली होती हे जगाला सांगायला मोठं मन लागतं.

त्या 27 जणांपाशी डॉक्टर होते, तपासण्या होत्या, काळजीही होती. राहून गेला तो एकच प्रश्न: या खुणेचं दुसरं कारण असू शकेल का? तातडीच्या वैद्यकात तो विचारायला फार तर काही मिनिटं मिळतात. आपल्याला निदान वर्गात तो विचारायची सवय लावून घेता येते. डोंगरावरचा धूर आम्ही शिकवत होतो तो यासाठीच, असं आता वाटतं. इथे थांबू या.