रोध आणि विद्युत शक्ती : व्होल्टेज व करंटवरून आकडेमोड

एखाद्या उपकरणाच्या दोन टोकांमधले विभवांतर, म्हणजे व्यवहारातले व्होल्टेज, आणि त्यातून वाहणारा करंट हे दोन आकडे हाती असले की रोध व शक्ती काढता येते. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो आणि व्होल्टला अँपिअरने गुणले की शक्ती वॅटमध्ये मिळते. जर्मन शिक्षक गेओर्ग झिमोन ओहम यांनी पहिला संबंध 1827 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी 1840-41 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. रोध आणि शक्तीच्या वरच्या दोन सूत्रांतून शक्तीची आणखी दोन रूपे निघतात : करंटचा वर्ग गुणिले रोध, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध.

घरातला 2,000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, म्हणून त्याच्या कॉइलचा रोध 26.45 ओहम. व्होल्टेज 180 वर घसरले तर करंटही उतरतो आणि शक्ती जेमतेम 1,225 वॅट उरते. व्होल्टेज 22 टक्क्यांनी घटले, पण शक्ती 39 टक्क्यांनी घटली. पाणी उशिरा तापते, बाकी काही बिघडत नाही.

हे सरळ गणित सगळीकडे चालत नाही, आणि अपुरी माहिती असलेला माणूस नेमका इथेच फसतो. 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध 230 व्होल्टवरून 529 ओहम निघतो, पण तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटर साधारण 40 ओहम दाखवतो, कारण टंगस्टनचा रोध तापल्यावर कित्येक पट वाढतो. चालत्या मोटारीत व्होल्टला अँपिअरने भागून जो आकडा येतो तो रोध नसून संरोध, म्हणजे इम्पिडन्स, असतो. त्यात वायंडिंगच्या चुंबकीय परिणामाचा आणि फिरत्या भागावरच्या लोडचाही वाटा असतो.

नाशिक जिल्ह्यात या फरकाची खरी किंमत निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मोजावी लागते. विहिरीवरची 5 एचपीची तीन फेजची सबमर्सिबल मोटार 415 व्होल्टवर 8 अँपिअर घेते असे धरू. तीन फेजमध्ये शक्ती काढताना व्होल्ट व अँपिअरच्या गुणाकाराला 1.732 ने आणि शक्तिगुणकाने, म्हणजे पॉवर फॅक्टरने, गुणावे लागते. तो 0.85 धरला तर मोटार सुमारे 4,890 वॅट ओढते. 5 एचपी म्हणजे 3,730 वॅट पंपाला मिळतात. उरलेले मोटारीतच उष्णता होऊन जातात.

आता डीपीवरच्या, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरवरच्या, शेवटच्या शेतकऱ्याकडे व्होल्टेज 340 वर आले, तर मोटार गिझरसारखी गप्प बसत नाही. पंपाचा लोड जवळजवळ तेवढाच असल्याने ती जास्त करंट ओढते : 8 ऐवजी सुमारे 9.8 अँपिअर. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दीडपट होते. हंगामात ‘मोटार जळाली’ म्हणून रिवायंडिंगच्या दुकानात येणाऱ्या मोटारींमागे हे एक मोठे कारण असते. लघुदाब पुरवठ्यात 6 टक्क्यांपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे 415 व्होल्टचे 390 पर्यंत. 340 त्याच्या बरेच खाली आहे.

दोष दर वेळी लाइनचाच नसतो. स्टार्टरपासून मोटारीपर्यंत 300 मीटर केबल असेल आणि तिची तांब्याची तार 4 चौरस मिलिमीटरची असेल, तर एका तारेचा रोध सुमारे 1.3 ओहम होतो. तीन फेजचा 1.732 आणि शक्तिगुणक धरून त्यात 8 अँपिअरला साधारण 15 व्होल्ट पडतात आणि तिन्ही तारा मिळून 250 वॅट वाया जातात. पैसे वाचवायला अडीच चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर हेच नुकसान 400 वॅटच्या घरात जाते. म्हणून क्लॅम्प मीटर लावून करंट पाहताना व्होल्टेज स्टार्टरवर पाहून भागत नाही, ते मोटारीच्या जोडापाशी पाहावे.

महावितरणने 2018 मध्ये शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली हाती घेतली, तिच्यामागेही हेच गणित आहे. 11,000 व्होल्टची लाइन शेतापर्यंत आणून एक-दोन पंपांना स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर दिला, की तेवढ्याच शक्तीसाठी लाइनमधला करंट 415 व्होल्टच्या तुलनेत सुमारे सव्वीसाव्या हिश्श्यावर येतो. तार तीच राहिली तर तिच्यातली हानी सातशेव्या हिश्श्याच्या आसपास येते. मोठ्या प्रमाणावरही हेच दिसते : नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रातल्या 210 मेगावॅटच्या एका संचाची वीज 220 किलोव्होल्टवर न्यायला, शक्तिगुणक 1 धरला तरी, सुमारे 550 अँपिअर लागतात. 415 व्होल्टवर तीच वीज न्यायची म्हटले तर करंट तीन लाख अँपिअरच्या जवळ जाईल, आणि तेवढी तार कोणी ओढू शकणार नाही.

नाशिकचा या गणिताशी दुसरा संबंध सातपूर-अंबड भागातल्या स्विचगिअर उद्योगातून येतो. एबीबी आणि सीजी पॉवर यांचे कारखाने इथे आहेत. सर्किट ब्रेकरच्या बंद जोडाचा रोध इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरला तो दिसत नाही. त्यासाठी जोडातून 100 अँपिअर एकदिश प्रवाह सोडतात आणि दोन वेगळ्या तारांनी जोडावरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजतात. दाब 4 मिलिव्होल्ट आला तर रोध 40 मायक्रोओहम. करंट नेणाऱ्या आणि दाब मोजणाऱ्या तारा वेगळ्या ठेवल्या नाहीत तर तारांचाच रोध आकड्यात मिसळतो आणि चाचणीला अर्थ राहत नाही. याच जोडातून 1,250 अँपिअर गेले तर 62.5 वॅट उष्णता निघेल; रोध दुप्पट झाला तर 125 वॅट.

रोधावरून तापमानही कळते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.38 टक्का वाढतो. मोटारीचे वायंडिंग 30 अंशांना 2 ओहम असेल आणि बराच वेळ चालवून बंद करताच 2.4 ओहम मोजले गेले, तर आत सरासरी तापमान 83 अंशांच्या आसपास पोहोचलेले असते.